धावपट्टी संपता संपत नाही!

‘फास्ट अँड फ्युरिअस 6’ (2013) मधला धावपट्टीवरचा पाठलाग सुमारे 13 मिनिटं चालतो. वेग ताशी 160 किलोमीटर धरला, तर ती धावपट्टी 35 किलोमीटरच्या आसपास भरते. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आतच आटोपते. यावर चाहत्यांचा बचाव असा, की पडद्यावरचा वेळ घड्याळाचा नसतो. विमानात आणि मोटारींत एकाच वेळी चाललेल्या मारामाऱ्या एकामागून एकच दाखवाव्या लागतात. मान्य. पण ताणायचं म्हणजे दहापट?

अर्थात, नुसत्या चुकांमुळे हसू येतं असंही नाही. ‘बुलिट’ (1968) मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर एकच हिरवी बीटल पुन्हापुन्हा मागे पडते आणि खलनायकांच्या डॉजच्या व्हीलकॅप निखळतात त्या चारांहून जास्त. (मोजणाऱ्यांच्या चिकाटीला सलाम!) तरी पहिल्यांदा पाहताना हे सहसा खटकत नाही, कारण चढावरून उसळलेली मोटार तिथे दाणकन आपटते, तिचं वजन जाणवतं. धावपट्टीवर मात्र माणसंही मोटारींवरून उड्या मारून सुखरूप उतरतात. तिथे अंतर मोजायची बुद्धी होते ती त्यामुळेच.