कंडरासंधानानंतरचा खांदा
रावेर-यावलकडील केळीचे घड वाहणारे असोत वा धुळ्याचे हमाल, रोटेटर कफच्या शस्त्रकर्मानंतर खांदा आखडला की ते आमच्याकडे अवबाहुक म्हणून मर्दन मागतात. पूर्वी आम्हीही घाई केली आहे. शिवलेली कंडरा अस्थीला धरण्यास सुमारे १२ आठवडे लागतात. तत्पूर्वी जोराच्या मर्दनाने ती पुन्हा फाटू शकते. त्यानंतर हळुवार परीक्षा करावी. आपण हात उचलल्यास उचलतो, पण रुग्णास स्वतः उचलवत नाही, तर पुनर्विदारणाची शंका घ्यावी. दोन्ही प्रकारे अडल्यास स्तंभ. तो बहुधा काही महिन्यांत व्यायामाने सुटतो. जंतुसंसर्ग फसवा असतो. ज्वर नसतानाही व्रण स्रवतो. असा रुग्ण त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे धाडावा. औषधविक्रेत्यांनीही तेल देण्यापूर्वी शस्त्रकर्माची तारीख विचारावी.