दंडात बळ : योगासनांनी की वजनांनी?

सकाळी योगासने करणारे वडीलधारे आणि संध्याकाळी जिममध्ये लोखंड उचलणारे तरुण, असे दोन पक्ष आज पुष्कळ घरांत दिसतात. दंडात खरे बळ कशाने येते, यावर त्यांचा वाद चालतो. या प्रश्नाचा विचार आपण शेतकऱ्याच्या व्यवहारी दृष्टीने करू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ओझे लोखंडाचे आहे की स्वतःच्या देहाचे, हे स्नायूला कळत नाही. सवयीपेक्षा थोडे अधिक ओझे, त्यानंतर विश्रांती आणि पुरेसे अन्न, एवढे मिळाले की तो वाढतो. प्राचीन ग्रीसमधील मिलो नावाच्या पैलवानाची कथा सांगतात. तो एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चाले. वासराचा बैल होत गेला, तसा मिलोही बळकट होत गेला. कथा अतिशयोक्तीची असेल, पण त्यातील नियम खरा आहे.

योगासनात हे ओझे आपल्याच देहाचे असते. ६० किलो वजनाचा माणूस जोर काढतो किंवा चतुरंग दंडासनात थांबतो, तेव्हा त्याच्या हातांवर सुमारे ४० किलो भार येतो. गुडघे जमिनीला टेकले तर तो निम्म्याहून थोडा अधिक राहतो. बकासनात आणि मयूरासनात तर सगळा देहच हातांवर तोललेला असतो. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार लहानपणी मलेरिया आणि क्षय यांनी खंगलेले, काडीसारख्या हातांचे होते. पुढे त्याच हातांवर त्यांनी अवघड आसने जगाला दाखविली. १९३६ साली बेळगावचे सिव्हिल सर्जन असलेल्या डॉ. व्ही. बी. गोखले यांनी त्यांची योग्यता ओळखली. डॉक्टरांच्याच पुढाकाराने १९३७ साली ते पुण्यास शिकवावयास गेले.

तरीही आसनांना दोन मर्यादा आहेत. एक अशी, की देहाचे वजन ठरलेले असते. पंचवीस जोर सहज निघू लागले की पुढे दम वाढतो, पण ताकद फारशी वाढत नाही. दुसरी अशी, की आसनांत हात बहुधा ढकलतात किंवा तोलतात, ओढत क्वचितच. विहिरीचे पाणी शेंदणे, उसाची मोळी उचलणे, तंबाखूचे बोद ओढणे या कामांना दंडाची पुढची बाजू, पाठ आणि मूठ लागते.

ही उणीव वजने भरून काढतात. वजन थोडेथोडे वाढवता येते आणि हवा तोच स्नायू राबवता येतो. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक एकाच किलोने हुकले. त्याच स्पर्धेत त्याच्या कोपराला दुखापतही झाली. वजनाचा भार सांध्यांवरही येतो. म्हणून जाणत्याच्या देखरेखीशिवाय मोठ्या वजनाला हात घालू नये.

आपल्या भागातील तालमींनी हा वाद कधी घातलाच नाही. तेथे जोर-बैठका आहेत, मुद्गल फिरवणे आहे, दोर चढणे आहे आणि फावड्याने हौद्याची माती उकरणेही आहे. ढकलणे, ओढणे, उचलणे सारे एकत्र.

‘दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?’ असे काही जण विचारतील. पण विड्या वळणाऱ्या भगिनीची बोटे आणि मान दिवसभर थकतात, तर पाठ आणि दंड तसेच राहतात. शिवाय तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात. यासाठीच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम करण्यास सांगितले आहे.

घरच्या घरी असे करावे. प्रथम भिंतीला हात टेकून जोर काढावेत. ते जमले की कट्ट्यावर आणि मग जमिनीवर काढावेत. नंतर एक हात कट्ट्यावर टेकून वाकावे आणि दुसऱ्या हाताने पाण्याची बाटली कमरेपर्यंत ओढावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सवय होईल तसे पाच लिटरच्या कॅनपर्यंत जावे. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, अशा दोन फेऱ्या, एक दिवसाआड पुरेत. महागड्या पावडरींची गरज नाही. डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे आपल्या घरी आहेतच.

श्वास कोंडून जोर लावू नये. रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि डोके खाली करण्याची आसने त्यांच्या सल्ल्यावाचून करू नयेत. सांध्यात कळ आली तर तेथेच थांबावे.

तेव्हा वडीलधाऱ्यांनी आसनांच्या जोडीला पाण्याची बाटली घ्यावी आणि तरुणांनी लोखंडाच्या जोडीला आसनांची चटई. हात दोन्ही घरांत बळकट होतील.