पट्टी काढली, तर तो जोर जातो कुठे?

माझदा एमएक्स-५ ही उघड्या टपाची छोटी गाडी १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. ती लिफ्टवर चढवून खालून पाहिली, की गिअरबॉक्सच्या शेपटापासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत गेलेली, जागोजागी भोकं पाडलेली ॲल्युमिनियमची लांब तुळई दिसते. माझदाने तिला ‘पॉवर प्लँट फ्रेम’ म्हटलं आणि पुढच्या प्रत्येक पिढीत ती कायम ठेवली. या गाडीत दांडगं व्ही-८ इंजिन बसवणाऱ्या हौशी मंडळींना मात्र हीच तुळई आडवी येते. नवा गिअरबॉक्स मावत नाही, म्हणून ती काढली जाते. आणि मग प्रश्न उभा राहतो : तिच्यावाचून काही अडतं का?

अडतं, आणि चांगलंच अडतं. या गाडीच्या गिअरबॉक्सला स्वतःचा आधारच नाही. इंजिनाच्या दोन बाजूंना दोन रबरी माउंटिंग, डिफरन्शियलला दोन, आणि या चौघांच्या मधलं सगळं लांबलचक धूड तुळईने एकसंध धरलेलं. तुळई गेली, की गिअरबॉक्सचं शेपूट लोंबकळतं आणि डिफरन्शियलचं तोंड मोकळं होतं.

तोंड मोकळं होणं किती महागात पडतं, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. ॲक्सिलरेटर दाबला, की पिनियन क्राउनच्या दात्यांवर चढू पाहतो. चाकं पुढे ढकलली जातात आणि तेवढाच पीळ उलट दिशेने डिफरन्शियलच्या हाउसिंगवर येऊन त्याचं तोंड वर उचलतो. पहिल्या १.६ लिटर एमएक्स-५चा टॉर्क साधारण १३६ न्यूटन-मीटर. त्याला पहिल्या गिअरच्या ३.१३६ने आणि डिफरन्शियलच्या ४.३ने गुणलं, की १,८०० न्यूटन-मीटरच्या वर आकडा जातो. हा पीळ जर २५ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन बोल्टांनीच पेलायचा असेल, तर प्रत्येकावर पाऊण टन वजनाइतका जोर येईल. तुळईमुळे तोच पीळ इंजिनाचं माउंटिंग ते डिफरन्शियलचं माउंटिंग अशा सुमारे दोन मीटरांवर पसरतो आणि जोर ९० किलोंच्या आसपास उतरतो. त्यामुळे रबर मऊ ठेवता येतं, केबिनमध्ये थरथर कमी पोहोचते आणि पाय दाबताक्षणी गाडी उत्तर देते. म्हणून जाणकार कारागीर तुळई काढतात, तेव्हा गिअरबॉक्सखाली आडवा मेंबर घालतात आणि रुंद, भक्कम माउंटिंग असलेलं दुसरं डिफरन्शियल बसवतात.

शेवरोलेने १९८४च्या चौथ्या पिढीच्या कॉर्वेटमध्ये असाच ॲल्युमिनियमचा बीम वापरला होता. पोर्शे ९२४ आणि ९४४ मध्ये इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे आणि दोघांना जोडणारी जाड नळी अशी रचना होती. कामाचं तत्त्व तेच.

आता गाडीच्या सांगाड्याला लावलेल्या पट्ट्यांकडे वळू. २००० साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम-३ (ई-४६) चा टॉर्क ३६५ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो मागच्या चाकांपाशी साडेपाच हजारांवर पोहोचतो. तो पेलणारी मागची सबफ्रेम (डिफरन्शियल आणि मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) चार ठिकाणी पातळ पत्र्याच्या तळाला बोल्टने बांधलेली आहे, आणि वर्षानुवर्षांच्या झटक्यांनी तिथला पत्रा तडकतो. हे दुखणं या पिढीच्या मालकांना चांगलंच ठाऊक आहे. जाड पट्ट्या वेल्ड करणं हा त्यावरचा रुळलेला उपाय.

याच गाडीच्या पुढच्या पोटाखाली ॲल्युमिनियमची सपाट प्लेट असते. दिसायला ती चिखल अडवणाऱ्या झाकणासारखी, त्यामुळे इंजिनाचं काम करताना काढलेली प्लेट कधी कधी गॅरेजच्या कोपऱ्यातच राहते. बीएमडब्ल्यूच्या दुरुस्ती-सूचना मात्र अशी प्लेट लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका, असं स्पष्ट बजावतात. कारण भूमितीत आहे. चार दांड्यांचा चौकोन कोपऱ्यांत कलून तिरपा होतो, पण त्यावर पत्रा ठोकला, की तो हलत नाही. वळणावर चाकांचा आडवा जोर पेलायला ती प्लेट हातभार लावत असते. काढून टाकलेल्या सगळ्या भागांत हा भाग विसरणं सर्वांत वाईट.

उघड्या टपाच्या गाड्यांना अशा आधाराची गरज आणखी मोठी. छत काढणं म्हणजे बंद नळी चिरण्यासारखं. पाच सेंटिमीटर त्रिज्येची, दोन मिलिमीटर जाडीची नळी लांबीभर उभी चिरली, तर पिळाला होणारा तिचा विरोध १,८७५ पटींनी घटतो. गाडीचं इतकं नुकसान होत नाही, कारण दरवाजांखालचे सिल आणि मधला बोगदा बंद पेट्यांसारखे राहतात. पण छत नसल्याची उणीव जाणवतेच. १९९४च्या १.८ लिटर एमएक्स-५मध्ये माझदाने सीटमागे आणि पोटाखाली जादा ब्रेस, म्हणजे ताठपणा वाढवणाऱ्या पट्ट्या, घातले, ते याच कारणाने.

बॉनेट उघडताच चमकणारी स्ट्रट बार मात्र नेहमी तितकी गुणी नसते. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत वळणावर दोन्ही टॉवर, म्हणजे स्ट्रटची वरची टोकं धरणारे सांगाड्याचे उंचवटे, एकाच दिशेला ढकलले जातात. त्यांना जोडणारी सरळ दांडी जोर वाटून घेते, पण दोघांचं एकत्र सरकणं थांबवू शकत नाही. ते थांबवायला त्रिकोण लागतो. १९६५च्या शेल्बी जीटी-३५० मस्टँगमध्ये टॉवरपासून मागच्या फायरवॉलपर्यंत जाणारा ब्रेस होता, तो असाच. डबल विशबोनच्या बऱ्याच गाड्यांत टॉवरवर मुख्यतः उभा भार येतो, म्हणून तिथे सरळ दांडीला काम आणखी कमी.

सांगाडा आणि सस्पेन्शन या एकामागोमाग जोडलेल्या दोन स्प्रिंगा आहेत. सांगाडा सस्पेन्शनइतकाच ताठ असेल, तर दोघांचा मिळून ताठपणा सस्पेन्शनच्या निम्माच भरतो. सांगाडा दुप्पट ताठ केला, की हा एकत्रित ताठपणा ६७ टक्के होतो. सांगाडा मुळातच पाचपट ताठ असेल, तर ८३ टक्क्यांपासून सुरुवात होते आणि तो दुप्पट करूनही ९१पर्यंतच मजल जाते. म्हणून जुन्या, लवचीक गाडीत जो ब्रेस लगेच जाणवतो, तोच आजच्या ताठ गाडीत पैसे खर्चूनही कळत नाही. आणि शर्यतीसाठी स्प्रिंग तिप्पट कडक केल्या, की तीच ताठ गाडी ६३ टक्क्यांवर घसरते. मग ब्रेसला पुन्हा किंमत येते.

कार्टिंगमध्ये तर ब्रेस काढणं हीच कलाकुसर आहे. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियल नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट बसलेली. वळायचं असेल, तर आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलंच पाहिजे, आणि ते उचलण्यात फ्रेमचा पीळ हातभार लावतो. म्हणून बऱ्याच कार्टच्या पुढच्या भागात काढता येण्याजोगी आडवी दांडी असते. ट्रॅकची पकड, टायर आणि पाऊस पाहून मेकॅनिक ती लावतात किंवा काढतात, आणि सकाळच्या सरावात लावलेली दांडी दुपारच्या शर्यतीआधी निघालेली असू शकते.