बिल्ड लावलं, पुढे काय?

कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये नोकरीला असताना ‘हडसन’ नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि 2005 साली ते सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढच्याच वर्षी मुंबईत नाहूरला स्टेशन झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माझी नोकरी आजवर या दोन्हींच्या भरवशावर चालली आहे. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर नावावरून वाद झाला आणि 2011 मध्ये हडसनची मंडळी ‘जेन्किन्स’ या नावाने वेगळी झाली. आजही अनेक कंपन्यांत ‘जेन्किन्सवर लावलंय’ एवढं म्हटलं की समोरच्याला कळतं.

हडसनमागची कंटिन्युअस इंटिग्रेशनची कल्पना त्याआधीची. मार्टिन फाउलर आणि मॅथ्यू फोमेल यांनी 2000 साली तिच्यावर लेख लिहिला आणि 2001 मध्ये थॉटवर्क्समधून ‘क्रूझकंट्रोल’ बाहेर पडलं. दहा जणांनी लिहिलेला कोड महिनाअखेरीस एकत्र करायचा आणि मग आठवडाभर भांडत बसायचं, त्यापेक्षा प्रत्येक बदल त्याच दिवशी एकत्र करावा, यंत्राने तो बांधून तपासावा आणि बिघडलं असेल तर लगेच सांगावं, इतकं ते साधं. या ‘लगेच सांगावं’कडे मी गेली वीस वर्षं बघत आलो आहे. काम सुरू करण्याच्या सोयी दरवर्षी वाढत गेल्या. उत्तर परत आणण्याची सोय मात्र कायम मागे पडली.

सुरुवातीला सगळं ब्राउझरमधून चाले. जेन्किन्सचं पान उघडायचं, ‘बिल्ड नाऊ’ दाबायचं आणि गोळ्याच्या रंगाकडे बघत बसायचं. यशाचा गोळा निळा असे, कारण कावागुची जपानचे आणि तिथे सिग्नलच्या ‘जा’ला निळा म्हणतात. रिलीजच्या रात्री काय काय दाबायचं याची एक वर्ड फाइल असायची. तिच्यात पडद्याचे फोटो आणि त्यांवर लाल बाण. आवृत्ती बदलली, पान बदललं की बाण भलतीकडेच दाखवू लागायचे. शेवटच्या लोकलच्या आधी निघायचं आणि फाइलीतलं बटण पडद्यावर सापडत नाही, हे टेन्शन ज्यांनी अनुभवलंय त्यांना कमांडचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

जेन्किन्सची स्वतःची कमांड एका छोट्या जार फाइलीत मिळे. जावाने ती चालवायची, सर्व्हरचा पत्ता द्यायचा, ‘बिल्ड’ लिहून जॉबचं नाव टाकायचं. नावापुढे ‘-एस’ जोडला की कमांड तिथेच थांबून राहते. जॉब संपेपर्यंत टर्मिनल परत मिळत नाही, आणि संपल्यावर निकाल एका आकड्यात हातात येतो: शून्य म्हणजे पास, दुसरं काहीही म्हणजे नापास. ‘-व्ही’ दिला तर सर्व्हरवरचा सगळा लॉग इथे उमटत जातो. त्या आकड्याच्या जोरावर पुढची कमांड लावता येते. पास झालं तरच पुढे जा. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय म्हणजे हा ‘-एस’.

तो फार जणांनी वापरलाच नाही. जार सांभाळायचा कंटाळा, त्यात वेब विनंती पाठवणारं कर्ल प्रत्येक मशीनवर आयतं. पत्त्याच्या शेवटी ‘बिल्ड’ लावून एक पोस्ट विनंती पाठवली की जॉब सुटतो. सर्व्हर 201 म्हणतो आणि सोबत रांगेतल्या नोंदीचा पत्ता देतो. ही नोंद म्हणजे पावती. तिच्यावरून बिल्डचा क्रमांक आणि क्रमांकावरून निकाल शोधता येतो. पण 201 आलं की बहुतेकांची स्क्रिप्ट ‘झालं’ असं छापून मोकळी व्हायची. जॉब रांगेत लागला एवढंच त्या आकड्याने सांगितलेलं असतं, आणि दहा मिनिटांनी तो फेल झाला तरी स्क्रिप्टला त्याचा पत्ता नसतो. शिवाय यूजरनेम आणि टोकन कमांडमध्येच लिहायची सवय लागली, आणि ती गुपितं शेलच्या हिस्टरीत जाऊन पडली.

प्रत्येक कमिटवर पाइपलाइन आपोआप चालवणाऱ्या ट्रॅव्हिससारख्या सेवा आल्या तेव्हा लोक ती पुन्हा चालवण्यासाठी रिकामे कमिट ढकलू लागले. कोडमध्ये काही बदल नाही, निरोपात फक्त ‘ट्रिगर’. असल्या नोंदींनी भरलेला इतिहास वाचायला बसलं की त्रास होतो.

मग 2020 आलं. मार्चमध्ये लॉकडाउनमुळे लोकल थांबल्या आणि गुड्स गाड्यांच्या आवाजाशिवाय नाहूर स्टेशनात काही उरलं नाही. 12 ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची वीज गेली. मध्य उपनगरांत ती यायला बराच वेळ लागला. घरचं वायफाय बंद, लॅपटॉपच्या बॅटरीवर काम आणि नेट फोनच्या हॉटस्पॉटचं. टॉवरवर सगळ्या वस्तीचा भार. डॅशबोर्डचं पान अर्धवट येऊन अडकत होतं, आणि त्याच नेटवरून कर्लची चार ओळींची विनंती मात्र निघून जात होती. कमी शब्दांत काम सांगण्याची ताकद त्या दिवशी आमच्या अख्ख्या टीमला पटली.

त्याच वर्षी जुलैत गिटहब अॅक्शन्समध्ये पाइपलाइन हाताने सोडायची सोय आली. एपीआयला विनंती गेली की उत्तर यायचं 204, म्हणजे ‘मिळालं, पण सांगण्यासारखं काही नाही’. रनचा क्रमांकसुद्धा नाही! एकाच वेळी तिघांनी सोडलं तर यादीतला आपला रन कुठला? जेन्किन्स इतकी वर्षं पावती देत असताना ही पायरी पुन्हा खाली का उतरली, याचं मला आजही वाईट वाटतं. लोक इनपुटमध्ये स्वतःचा खूणशब्द पाठवून नंतर तो शोधत बसायचे. एप्रिल 2021 मध्ये गिटहबच्या स्वतःच्या कमांडमध्ये ‘वर्कफ्लो रन’ आणि ‘रन वॉच’ आले. वॉचला ‘एक्झिट-स्टेटस’ जोडलं की निकालाचा आकडा पुन्हा हातात येतो. जुन्या ‘-एस’ला पर्याय मिळाला, तोही दोन कमांडींत.

आलेलं उत्तर खरं किती, हा प्रश्न त्यापुढचा, आणि त्यावरचं मोठं काम मुंबईतच झालं. रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल हे दोघे पवईच्या आयआयटीत शिकले. नाहूरहून भांडुप, मग कांजूरमार्ग आणि तिथून पवई, इतकं ते जवळ. त्यांनी 2011 मध्ये मुंबईत ब्राउझरस्टॅक सुरू केलं. सर्व्हरवरच्या एकाच ब्राउझरात टेस्ट पास झाली म्हणून ग्राहकाच्या स्वस्त फोनवर पान उघडेलच असं नसतं. ही तपासणी खऱ्या फोनांवर आणि वेगवेगळ्या ब्राउझरांत करायची आणि तीही पाइपलाइनमधूनच बोलवायची, अशी ती सोय. आपल्या लॅपटॉपवरची, अजून बाहेर न आलेली साइटही टर्मिनलमधून एक छोटा प्रोग्रॅम चालवून त्यांच्या फोनांना दाखवता येते.

जानेवारी 2024 मध्ये जेन्किन्सच्या त्या जुन्या कमांडमध्येच मोठं भगदाड सापडलं. ‘@’ हे चिन्ह आणि त्यापुढे फाइलीचा पत्ता लिहिला की सर्व्हर त्या जागी फाइलीतला मजकूर भरायचा. मग कमांड चुकीची ठरायची आणि चूक कळवणाऱ्या संदेशात तोच मजकूर विचारणाऱ्याला परत जायचा. लॉगिन नसलेल्यालाही फाइलीच्या पहिल्या काही ओळी वाचता येत. दुरुस्त आवृत्ती 2.442 लगेच आली. ती बसवेपर्यंत कमांडचा रस्ता बंद ठेवा, असं जेन्किन्सनेच कळवलं होतं.

तेव्हापासून टीममधल्या नव्या मुलांच्या ट्रिगर स्क्रिप्टी तपासताना मी तीन ओळी आधी बघतो: टोकन कुठून वाचलंय, त्या टोकनला किती जॉब सोडायची मुभा आहे, आणि जॉब फेल झाला तर स्क्रिप्ट शून्याशिवाय दुसरा आकडा देऊन बाहेर पडते का. तिसरी ओळ बहुधा नसते. ती लिहून झाल्याशिवाय मी स्क्रिप्ट पुढे जाऊ देत नाही.