समजून घ्या : चित्रात ‘काहीच नाही’, मग ते प्रार्थनास्थळात कसं?

रत्नागिरी : अमूर्त चित्रासमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘यात काढलंय काय?’ उत्तर सापडलं नाही की अनेक जण पुढे निघून जातात. अशी चित्रं चक्क प्रार्थनास्थळात लावली तर?

कुठे आहेत?
अमेरिकेतील ह्यूस्टनमध्ये १९७१ साली रॉथ्को चॅपल सुरू झालं. तिथे मूर्ती नाही, क्रूस नाही. आहेत ती मार्क रॉथ्को यांची १४ मोठी, गडद चित्रं. चॅपल सर्वधर्मीयांसाठी खुलं आहे. बाकावर शांत बसलं, की काळ्या वाटणाऱ्या चित्रात हळूहळू जांभळ्या छटा दिसू लागतात.

कोकणाशी नातं काय?
ज्येष्ठ अमूर्त चित्रकार प्रभाकर कोलते यांचा जन्म १९४६चा, नेरूरपारचा. हे गाव आज सिंधुदुर्गात असलं, तरी १९८१ पर्यंत तो भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. त्यांच्या चित्रांत वरच्या रंगाआडून खालचे रंग आणि आकार डोकावतात.

पाहायचं कसं?
अर्थ शोधायची घाई नको. आधी लांबून पाहा, मग जवळून. देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. तेवढा वेळ चित्रालाही द्या.