ज्वालामुखी उद्रेकाचे पूर्वानुमान
एखाद्या ज्वालामुखीचा उद्रेक केव्हा, कोणत्या प्रकारचा व किती तीव्रतेचा होईल, यासंबंधी निरीक्षणांच्या आधारे आगाऊ बांधलेल्या अंदाजास ही संज्ञा लावतात. भूकंपाच्या मानाने हे काम काहीसे सुकर आहे. शिलारस (भूपृष्ठाखालील वितळलेला खडक) वर चढताना वाटेतील खडक फोडतो, जमीन फुगवितो व वायू सोडतो. या तिन्ही खुणा उपकरणांनी टिपता येतात. व्हीस्यूव्हिअसवरील वेधशाळा १८४१ मध्ये स्थापन झाली, तर हवाई बेटावर टॉमस जॅगर यांनी १९१२ पासून अखंड निरीक्षणास प्रारंभ केला.

भूकंपलेखकावर खडक फुटण्याचे लघु-आवर्तनी धक्के आणि भेगांतील द्रव व वायू यांच्या हालचालींमुळे उद्भवणारी दीर्घ-आवर्तनी कंपने वेगळी ओळखता येतात. दुसऱ्या प्रकारची कंपने वाढणे अधिक चिंताजनक मानतात. जमिनीचा कल नतिमापकाने व फुगवटा उपग्रहांवरील रडारने मोजतात. सल्फर डाय-ऑक्साइडाचे प्रमाण, तो वायू जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरण किती शोषतो यावरून काढतात.

फिलिपीन्समधील पिनातूबो हे यशस्वी पूर्वानुमानाचे ठळक उदाहरण होय. सु. ५०० वर्षे निद्रिस्त असलेल्या या पर्वतावर २ एप्रिल १९९१ रोजी वाफेचे स्फोट झाले. फिलिपीन व अमेरिकन शास्त्रज्ञांनी उपकरणे बसविली, तसेच जुन्या राखेचे थर तपासले. त्यांवरून येथील उद्रेक क्वचित, परंतु प्रचंड होतात असे दिसले. सल्फर डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन १३ मे रोजी दिवसाला सु. ५०० टन होते, ते २८ मेपर्यंत ५,००० टनांवर गेले व नंतर एकाएकी घटले. ही घट सुचिन्ह समजणे सोपे होते. पण वायूची वाट बुजून आतील दाब वाढत असावा, असा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला. १० जून रोजी क्लार्क हवाई तळ रिकामा करण्यात आला व १५ जून रोजी विसाव्या शतकातील दुसरा सर्वांत मोठा उद्रेक झाला. हजारो लोक वाचले. मृतांपैकी बरेच जण त्याच दिवशी आलेल्या वादळाच्या पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरे कोसळल्याने दगावले.

अंदाज अचूक असला, तरी तो वेळेवर लोकांपर्यंत पोहोचून अंमलात यावा लागतो. कोलंबियातील नेव्हादो देल रुईसचा धोका दर्शविणारा नकाशा ऑक्टोबर १९८५ मध्येच तयार होता. १३ नोव्हेंबर रोजी उद्रेकाने शिखरावरील बर्फ वितळले आणि चिखलाचे लोट सु. अडीच तासांनी आर्मेरो गावावर आले. एवढा अवधी असूनही गाव हलविले गेले नाही व सु. २३,००० लोक मृत्युमुखी पडले. याउलट ग्वादलूप बेटावर १९७६ मध्ये सत्तर हजारांहून अधिक लोकांना काही महिने घरे सोडावी लागली, पण अपेक्षित मोठा उद्रेक झालाच नाही. अशा अनुभवानंतर पुढील इशाऱ्यावर लोकांनी विश्वास ठेवणे कठीण असते.

शिलारस वर न येता केवळ भूजल तापून होणारे वाफेचे स्फोट ओळखणे सर्वांत दुर्घट आहे. जपानमधील ओंताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी असा स्फोट झाला, तेव्हा धोक्याची पातळी सर्वांत खालची होती. त्यात मृत व बेपत्ता मिळून ६३ गिर्यारोहक बळी पडले.