गाडीवरचे पिवळे ठिपके

मार्च महिन्यातील एका संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या वाहनतळावर आठ-दहा माणसे एका पांढऱ्या मोटारीभोवती जमली होती. जवळ जाऊन पाहिले, तर टपावर आणि बॉनेटवर शेकडो पिवळे ठिपके पडलेले. काही तिळाएवढे, काही तुरीच्या दाण्याएवढे. काही गोल, तर काही ओघळल्यासारखे लांबट. गाडी दुपारीच धुतली होती आणि आकाशात ढगाचा पत्ता नव्हता.

गाडीच्या मालकीणबाईंना रंगाची फारशी चिंता नव्हती. त्यांच्या सात वर्षांच्या नातवाला दमा आहे. पलीकडच्या औद्योगिक वसाहतीतून विषारी द्रव्य हवेत सोडले जाते आणि तेच आपल्यावर पडते, असा संदेश मोबाइलवर फिरत होता. चार दिवस मुलाला खाली खेळायला सोडलेले नव्हते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, भीतीपोटी त्याच्या आईने इनहेलरच्या मात्रा आपल्याच मनाने वाढवल्या होत्या.

मी व्यवसायाने डॉक्टर. गाड्यांतले मला काही कळत नाही. परंतु डागाचे निदानही रोगाच्या निदानाप्रमाणेच इतिहासापासून सुरू होते. गाडी कोठे उभी होती? डाग दिवसाच्या कोणत्या वेळी दिसले? आणखी कशाकशावर पडले? हा तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, आणि तोच कोणी विचारलेला नव्हता. शोधू गेल्यावर तसेच ठिपके पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर आणि कण्हेरीच्या पानांवर सापडले. छपराखालच्या गाड्या मात्र स्वच्छ होत्या. म्हणजे जे काही पडले, ते वरून पडले होते.

मग नेहमीचे संशयित एकेक करून दूर केले. आंब्याला मोहोर आला की त्यावरचे तुडतुडे गोडसर चिकटा गाळतात. त्याचे थेंब पारदर्शक असतात, बोटाला चिकटतात आणि पुढे त्यांवर काळी बुरशी धरते. येथे जवळ आंबाच नव्हता. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने पांढरट कडी उमटतात, पिवळे ठिपके नव्हेत. लोहमार्गालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे सूक्ष्म कण रुतून बसतात व गंजतात. हात फिरवला की ते खरखरीत लागतात आणि साध्या पाण्याने जात नाहीत. आमचे ठिपके ओल्या फडक्याखाली पाच मिनिटांत मऊ झाले.

सोसायटीतील वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकांकडे जुना सूक्ष्मदर्शक आहे. काचपट्टीवर ठिपक्याचा अंश घेऊन त्यांनी पाहिले आणि हसत मला बोलावले. दृष्टिक्षेत्रात परागकणच परागकण होते, तेही बहुतांशी आतून रिकामे. मधमाशी परागकणातील सत्त्व पचवते. त्याचे चिवट बाह्य कवच मात्र तिच्या विष्ठेतून जसेच्या तसे बाहेर पडते. आम्ही दोघांनी मान वर केली. अकराव्या मजल्याच्या सज्जाखाली आग्यामोहोळ लटकत होते.

आमचे घाबरणे हास्यास्पद होते असे मात्र मी म्हणणार नाही. याच ठिपक्यांनी एकेकाळी महासत्तांनाही गोंधळात टाकले होते. १९८१ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी, आग्नेय आशियात सोव्हिएत संघाच्या पाठबळाने बुरशीजन्य विषाचा वापर होत असल्याचा जाहीर आरोप केला. लाओसमधील ह्मोंग निर्वासित ज्या ‘पिवळ्या पावसा’विषयी सांगत, तोच त्याचा आधार होता. पुढे नमुन्यांत परागकण आढळले. हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली १९८४ साली थायलंडच्या जंगलात गेले असता, आग्या माश्यांच्या सामूहिक उड्डाणातून पडणारा असा पिवळा वर्षाव त्यांनी स्वतःच्या अंगावर झेलला. वाद त्यानंतरही अनेक वर्षे चालला. २००२ साली पश्चिम बंगालमधील संग्रामपूर येथेही पिवळसर-हिरव्या थेंबांनी रासायनिक हल्ल्याची अफवा उठली होती; तपासात निघाली ती मधमाश्यांची विष्ठाच.

संध्याकाळी थव्याने उडून एकदमच पोट मोकळे करणे ही आग्या माशीची रीत आहे. वाळलेला ठिपका खरवडू नये, एवढेच गाडीवाल्यांसाठी सांगणे. ओले फडके ठेवून मऊ झाला की अलगद पुसावा.

येथे ही हकीकत संपली असती. परंतु गाडी पुसताना मागच्या काचेखाली चुनखडीसारखे पांढरे, कडक झालेले थर दिसले. ते अनेक महिन्यांचे होते आणि त्यांविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता. त्यांच्या रेषेत वर पाहिले, तर दुसऱ्या मजल्यावरच्या वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील पेटीमागे कबुतरांचे घरटे. खिडकी त्या मुलाच्या झोपण्याच्या खोलीची. सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेल्याने काही जणांच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते आणि दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास फुप्फुस कायमचे ताठरते. दमेकऱ्याला तर ही धूळ वर्ज्यच. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून एवढे वादंग झाले, तरी आपल्या खिडकीतले कबुतर आपल्याला दिसत नाही!

दुसऱ्या दिवशी ती जागा प्रथम पाण्याने पूर्ण भिजवली, मग तोंडाला घट्ट मास्क व हातमोजे घालून ती साफ केली आणि जाळी बसवली. तोवर मुलाला मावशीकडे ठेवले होते. कोरड्या झाडूला हात लावू दिला नाही. इनहेलरची मात्रा किती असावी, हे त्याच्या बालरोगतज्ज्ञांनी त्याला तपासून पुन्हा ठरवून दिले.

मशाल लावून मोहोळ जाळण्यासाठी बोलावलेल्या माणसाला सचिवांनी परत पाठवले. जूनच्या पहिल्या आठवड्यात माश्या आपणहून निघून गेल्या. सज्जाखाली मेणाचा रिकामा पोळा तेवढा राहिला. मालकीणबाई अजूनही संध्याकाळी गाडीवर जुनी चादर टाकतात.